डाळिंबाच्या आळ्यातल्या मातीचा श्वास कसा मोजायचा

तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या भीतीने सोलापूरच्या डाळिंबावर वर्षानुवर्षं बोर्डो फवारलं जातं. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) नि १ किलो चुना असतो. त्यातलं तांबं कुजत नाही, आळ्याच्या वरच्या थरात साठतं. चुनखडीच्या जमिनीत ते मातीला घट्ट धरून राहतं, म्हणून तांब्याचा एकूण आकडा पाहून जिवाणूंना किती झळ बसली ते कळत नाही. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. हे प्रयोगशाळेतच करा. कॉस्टिक सोडा भाजतो, बेरियम क्लोराइड विषारी आहे.

आळ्यातून आणि त्याच जातीच्या मातीच्या, न फवारलेल्या बांधावरून ०-१५ सेंमी खोलीची माती घ्या. वाफसा असतानाच २ मिमीच्या चाळणीतून चाळा. काळी माती वाळली की ढेकळं फुटत नाहीत. मुठीत गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, इतकी ओल ठेवून माती सात दिवस सैल झाकून ठेवा. ही पायरी टाळू नका. चाळलेल्या किंवा वाळून पुन्हा भिजलेल्या मातीतून वायूचा लोंढा येतो आणि आकडा फुगतो.

मग १ लिटरच्या घट्ट झाकणाच्या बरणीत १०० ग्रॅम माती आणि छोट्या वाटीत ०.१ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) कॉस्टिक सोडा २० मिली ठेवा; मातीतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड हा सोडा शोषून घेतो. एक बरणी मातीविना, नुसत्या सोड्याच्या वाटीची. दुसरीत कुकरमध्ये लागोपाठ दोन दिवस, रोज अर्धा तास शिजवलेली माती. चुनखडीवर आम्ल पडलं तरी वायू सुटतो, तो जिवाणूंचा नव्हे; ही बरणी तो वेगळा दाखवते. सगळ्या बरण्या एकाच सावलीच्या फळीवर ठेवा, मे महिन्यात तर नक्कीच.

२४ तासांनी वाटीत बेरियम क्लोराइडचं द्रावण सढळ घाला, फिनॉल्फ्थेलिन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाका आणि गुलाबी रंग जाईपर्यंत ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. रिकाम्या बरणीच्या तुलनेत जितके मिली कमी लागले, गुणिले २.२, इतके मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. गुलाबी रंग आलाच नाही तर सोडा संपला. माती निम्मी करून पुन्हा करा.

आकडा मोठा म्हणजे माती धडधाकट, असं लगेच समजू नका. विष पडल्यावर मेलेले जिवाणू उरलेल्यांचं खाद्य होतात, आणि जगलेल्यांना तगून राहायलाच जास्त ऊर्जा लागते. म्हणून त्याच मातीचा दुसरा नमुना घेऊन त्यात ०.५ ग्रॅम ग्लुकोज मिसळा, सहा तासांनी मोजा. दोन्ही आकडे तासाच्या हिशेबात आणा. साखरेने बांधाची माती उसळली आणि आळ्याची जेमतेम हलली, तर आळ्यात जिवाणूच कमी उरलेत. दोन्ही सारख्या उसळल्या तरी अमोनियाचं नायट्रेट करणारे मोजके जिवाणू आधीच दमलेले असू शकतात. त्यांची चाचणी वेगळी लावावी लागते.