बॉल पायथनसाठी घरी उंदीर वाढवायचेत? आधी रिकामे टब आणा

साप कायदेशीर आहे ना, एवढं आधी बघा. नाग, धामण, भारतीय अजगर, मांडूळ घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा साप घरात असेल तर वनखात्याला १९२६ वर कळवा, पुढचं काही तुमच्यासाठी नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला, साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातला. त्याच कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती झाली नसेल तर उंदरांचं नंतर बघू.

मग हिशेब. दीड किलोच्या आसपासच्या मोठ्या सापाला दहा-पंधरा दिवसांनी ८०-१०० ग्रॅमचा एक उंदीर (रॅट, छोटा माउस नव्हे) पुरतो, म्हणजे वर्षाला तीसेक. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेताला आठ ते बारा पिल्लं देते, आणि मध्ये विश्रांती देऊनही वर्षाला चार वेतं सहज होतात. दोन सापांना एक नर आणि दोन माद्या पुरून उरतात. विकणारा म्हणेल दहाचा लॉट घ्या, स्वस्त पडेल. घेऊ नका. शिवाय बॉल पायथन हिवाळ्यात दोन-दोन, तीन-तीन महिने तोंड फिरवून बसतो, तब्येत ठणठणीत असली तरी. तेव्हा साप खायचा थांबतो, उंदीर विण्याचे थांबत नाहीत.

म्हणून रिकामे टब. हे सगळं लिहायला बसलो ते या एकाच गोष्टीसाठी, कारण मागच्या खेपेला हेच राहिलं होतं. पिल्लं चौथ्या आठवड्यात दूध सोडतात आणि पाचव्या आठवड्यापासून वयात येऊ लागतात. सापाला हवं ते ८०-१०० ग्रॅमचं वजन त्यांना येतं साधारण पाच-सहा आठवड्यांनी. म्हणजे तुम्ही ज्या वजनाची वाट बघत असता, त्याच्या आधीच भाऊ-बहिणी एकमेकांपासून गाभण राहू शकतात. आईसुद्धा. चौथा आठवडा संपता संपता नर एका टबात, माद्या दुसऱ्या टबात. पाचवा आठवडा उजाडू द्यायचा नाही. 'येत्या रविवारी टब आणतो' म्हणायचं नाही. टब आधी, उंदीर मागाहून.

तिघांसाठी सहा टब: एक जोडीचा, दोन बाळंतिणींचे, एक लहान नरांचा, एक लहान माद्यांचा आणि एक नुसता रिकामा. तो रिकामा बघून घरातले विचारतील, हा कशाला? तो तसाच राहू द्या. त्यात चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं, काहीही भरून ठेवायचं नाही. एखाद्या टबात मारामारी झाली, कुणी आजारी पडलं, तर रात्री अकरा वाजता दुकान उघडं नसतं.

टब जाड प्लास्टिकचा आणि आतून सपाट हवा. आत कुठे कड किंवा पट्टी वर आलेली असली की ती कुरतडली जाते. वरून वेल्डमेशची जाळी, भोकं अर्ध्या इंचापेक्षा मोठी नकोत. जाळी घट्ट बसायला हवी ती आतले बाहेर जाऊ नयेत म्हणून, आणि बाहेरचे आत येऊ नयेत म्हणूनही. गटारातला उंदीर नुसता जाळीवर मुतून गेला तरी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती, गोचिड्या-पिसवा वेगळ्याच. खाली कागदाच्या पट्ट्या किंवा धूळ नसलेला भुसा घाला. सुताराकडचा फुकटचा भुसा नको, त्यात प्लायवूडचा गोंद असतो.

जागेबद्दल ऐका, कारण इथे लोक ऐकत नाहीत. गच्चीवरची पत्र्याची खोली नको. 'वास येणार नाही, कुणाला त्रास नाही' हे सगळं खरं, पण पुण्या-नगरकडचा एप्रिल त्या पत्र्याखाली उंदरांना जगू देणार नाही. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो आणि बाहेरची हवाच तापली की तो मार्गही बंद होतो. २० ते २६ अंश उत्तम. तिशीच्या वर गेलं की ते पोटावर पसरून पडतात, अंगाला लाळ फासतात, आणि गाभण माद्या आधी जातात. वाचलेल्या नरांचं बीज काही आठवडे निकामी होतं. खोली खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची घ्या. थर्मामीटर भिंतीवर नाही, टबाच्या उंचीला लावा. वीज गेली तर फ्रीजरमधल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टबाला लावा. कूलर चालेल, पण दमटपणाने भुसा ओला होतो, अमोनिया चढतो, आणि उंदरांची छाती आधीच नाजूक असते. डोळे चुरचुरायला लागले म्हणजे सफाईला उशीर झालेला आहे.

पाणी: बाटली किंवा पोल्ट्रीचं निपल, टबाला दोन. एकच असेल, त्यातून पाणी येत नसेल आणि तुम्हाला ते कळलं नसेल, तर उन्हाळ्यात एका दिवसात अख्खा टब जातो. रोज बोट लावून बघा. खायला प्रयोगशाळेच्या प्राण्यांचं पेलेट, ते नाही मिळालं तर चांगलं कोरडं डॉग फूड. दूध पाजणाऱ्या मादीला वर उकडलेलं अंडं. शिळी भाजी-पोळी हा आहार नव्हे. जे उंदीर खातो तेच शेवटी सापाच्या पोटात जातं.

नवे उंदीर आणले की तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. कानाजवळ धरून श्वास ऐका, टकटक किंवा घरघर असेल तर घेऊ नका. नाका-डोळ्यांभोवतीचा लाल डाग रक्त नसतो, तो डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो, पण सतत दिसला तर उंदीर तणावात किंवा आजारी आहे.

जोडी लावायची ती मादी चार महिन्यांची झाल्यावर. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं की मादी वेगळी काढा. नर तिथेच राहिला तर वितल्यावर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहते, दूध पाजत पाजतच. म्हणजे परत रिकामा टब लागला. पहिल्या दिवशी पिल्लांना हात लावू नका, नुसतं बघा. कातडी इतकी पातळ असते की प्यालेलं दूध पोटात पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. तो पट्टा दिसला की आई पाजते आहे.

नर-मादी ओळखणं नवव्या-दहाव्या दिवशी सर्वांत सोपं. लव दाट होण्याआधी माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दोन रांगांत उठतात, नरांच्या नाहीत. त्याच दिवशी मोजून टबावर तारीख, नर इतके, माद्या इतक्या, असं लिहून टाका आणि पुढे चौथ्या आठवड्याची तारीखही. एक नर चुकून माद्यांच्या टबात राहिला तर सगळ्या गाभण. परत मोजा.

बाकीचं थोडक्यात. जिवंत उंदीर सापाला द्यायचा नाही, चावून तो सापाचा डोळा किंवा पाठ फोडतो, आणि उंदराचेही हाल. मारण्याची पद्धत आधी व्हेटकडून शिका. कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो हळूहळू सोडायचा असतो. नुकतीच जन्मलेली पिल्लं त्याला बराच वेळ दाद देत नाहीत, त्यांच्याबद्दल वेगळं विचारा. जिवंत फ्रीजरमध्ये ठेवणं कधीच नाही. नीट मारणं जमणार नसेल तर उंदीर वाढवू नका, गोठवलेले विकत घ्या. फ्रीजर वेगळा, उणे १८ अंशांचा, पाकिटावर वजन आणि तारीख. वितळवताना रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीसकट गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नाही. हातमोजे घाला. आणि आज टब किती आहेत ते मोजा, सहाच्या खाली असतील तर उंदरांसाठी फोन करू नका.