जुन्या हानबोकचा दिवा शिवायला बसण्याआधी

कापड कापायच्या आधी एक छिमा मिळवा. छिमा म्हणजे हानबोक या कोरियन पारंपरिक पोशाखातला बायकांचा छातीपासून घोट्यापर्यंतचा चुणीदार घागरा. एकीचा घेर मध्यम दिव्याला पुरून उरतो. सोलच्या ग्वांगजांग बाजारात हानबोकच्या नव्या कापडाची दुकानं आहेत, पण तिथे गेलात तरी चिंध्याच मागा.

कापड टेबलावर पसरून नाही, खिडकीला धरून पारखा. मग कडेचा एक धागा ओढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखी राख झाली तर मोशी, म्हणजे रॅमी या वनस्पतीच्या धाग्याचं उन्हाळी कापड. (हान्सानच्या मोशी विणकामाला २०११ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.) वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, ते दिव्यासाठी नको.

आता शिवण, आणि खरं काम इथेच आहे. माझा पहिला दिवा मी मशीनवर सरळ शिवला. पेटवला, तर प्रत्येक जोडावर बोटभर काळा पट्टा आणि आत लोंबणारे दोरे! जोगाकबो, म्हणजे तुकडे जोडून केलेलं कोरियन बासनाचं कापड, उजेडात धरलं की जोड बारीक रेघांसारखे दिसतात, कारण दोन्ही कडा शिवणीतच दुमडून बंद केलेल्या असतात. आपल्या गोधडीत टाके मिरवतात, इथे ते लपवायचे. म्हणून सगळ्या तुकड्यांच्या कडा आधीच इस्त्रीने मोडून ठेवा आणि दुमड दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. हाताने शिवा. वेळ लागतो, लागू दे.

सांगाड्यासाठी जाड तार आणू नका. छिमाचा फुगीर घेर वरच्या कापडाचा नसतोच, तो आतल्या थरांचा असतो. जुन्या काळी खळ दिलेल्या मोशीचे परकर एकावर एक घालत. तसेच दोन थर तांदळाच्या खळीत बुडवून वाळवा. तार फक्त वरच्या आणि खालच्या कड्यापुरती.

बल्ब एलईडीच हवा, चार-पाच वॅटचा, २७०० केल्विनचा पिवळसर. कापडापासून वीतभर लांब.

एक बाजू मात्र शिवू नका. तिथे गोरुम, म्हणजे जोगोरीवर (हानबोकच्या आखूड झग्यावर) छातीशी बांधतात त्या लांब फिती लावा आणि एकाच फासाची गाठ मारा. बल्ब गेला की ओढायची.