ढालकिड्याचे मॅक्रो फोटो मऊ येत होते: माझा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या बागेत जास्वंदीवरचा मावा खाणाऱ्या ढालकिड्याचे (लेडीबर्ड) १:१ आकारातील, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किड्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराइतकीच पडणारे, मॅक्रो फोटो फोकस अचूक असूनही सगळीकडे मऊ, जणू पातळ पडद्याआडून टिपल्यासारखे येत. ट्रायपॉड लावला, लेन्स पुसली, अधिक भाग स्पष्ट यावा म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/२२ इतके लहान केले. उलट मऊपणा वाढला. दोन महिने यात गेले, याचे फार वाईट वाटते.

खरे कारण विवर्तन, म्हणजे अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरणे, हे होते, कारण १:१ वर एफ/२२ हे प्रत्यक्षात साधारण एफ/४४ इतके लहान होते.

आता मी प्रथम कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून एफ/८, १/२०० सेकंद आणि आयएसओ २०० ठरवतो. नंतर फ्लॅश १/१६ शक्तीवर आणून त्यापुढे पांढऱ्या कागदाचा डिफ्यूझर (प्रकाश पसरवून सौम्य करणारा पडदा) किड्याच्या शक्य तितका जवळ बांधतो; त्यामुळे चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडत नाही आणि फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या १/१००० भागाहूनही कमी काळ टिकत असल्याने वाऱ्याने हलणारे पानही स्थिर दिसते. शेवटी ऑटोफोकस बंद करून, लेन्स १:१ वर ठेवून, अंग किंचित पुढे झुकवत डोळ्यावर फोकस येताच बटण दाबतो आणि असे सहा-सात फोटो घेतो. पहाटेच्या गारव्यात किडे मंद असतात, तेव्हा हे सर्वांत सोपे जाते.