कार्ड मशीनची साफसफाई

आधी मशीन बंद करा आणि चार्जर काढा. मायक्रोफायबर कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब घ्या. कापड दमट हवं, ठिबकणारं नको. मशीनवर थेट फवारा मारू नका. बटणांच्या फटीतून ओल आत जाते आणि बटणं अडकतात. ॲसिटोन किंवा थिनर तर अजिबात नको, प्लास्टिक आणि स्क्रीन कायमचे खराब होतात.

कार्ड एकदा घातल्यावर वाचलं जात नसेल, तर बहुतेक वेळा चिपच्या स्लॉटमधल्या संपर्कपट्ट्यांवर मळ साचलेला असतो. तिथे काडी, पिन घालू नका; पट्ट्या वाकतात. क्लीनिंग कार्ड (मळ पुसण्यासाठी मिळणारं, बँक कार्डाच्याच आकाराचं कार्ड) चार-पाच वेळा आत-बाहेर करा. स्वाइपच्या खाचेतूनही तेच कार्ड फिरवा.

पावतीवर उभी पांढरी रेघ येते? रोलचं झाकण उघडा. छपाई नुकतीच झाली असेल तर हेड (कागद तापवून छापणारी बारीक पट्टी) गार होऊ द्या, मग अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा त्या बारीक पट्टीवरून हलकेच एकाच दिशेने फिरवा. पूर्ण वाळल्यावरच रोल बसवा. तरीही रेघ तिथेच राहिली, तर हेडवरचे त्या जागेचे तापणारे ठिपके जळालेले असतात. ते पुसून जात नाहीत. पावती पूर्ण कोरी आली तर बहुधा रोल उलटा बसलाय, कारण थर्मल (उष्णतेने छापला जाणारा) कागद एकाच बाजूने छापतो.

मशीनचे स्क्रू कधीही खोलू नका. छेडछाड झाल्याचं कळताच आतल्या गुप्त चाव्या (माहिती सांकेतिक करणारे कोड) पुसल्या जातात आणि मशीन निकामी होतं. पुसतानाच सील आणि सिरियल नंबर तपासा. स्लॉटवर एखादा उपरा तुकडा चिकटवलेला दिसला तर व्यवहार थांबवून लगेच बँकेला कळवा.