घरच्या दुर्बिणीतून हायड्रोजन-अल्फा सूर्य: या चुका टाळा

दिवाळी झाली की बेळगावचं आकाश निवळतं आणि माझा फोन वाजायला लागतो. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, कुठूनही. हायड्रोजन-अल्फा (एच-अल्फा) म्हणजे तापलेल्या हायड्रोजनचा एक ठरावीक लाल प्रकाश; तेवढाच जाऊ देणारा फिल्टर लावला की सूर्याच्या ज्वाला दिसतात. प्रश्न दोनच: "काका, हा फिल्टर चालतोय काय?" आणि "काका, नुसता तांबडा गोळा दिसायलाय की!" दुर्बीण बहुतेकांची बरी असते, ६० ते ८० मिमीची रिफ्रॅक्टर, म्हणजे पुढं भिंग असलेली. घोळ होतो तो तिला पुढं काय जोडायचं यात.

रात्रीचा फिल्टर दिवसा लावणे

ही चूक बघून मी खरंच वैतागलोय. निपाणीचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा ८० मिमीची दुर्बीण घेऊन आमच्या टिळकवाडीच्या गच्चीवर आला. सोबत नवा कोरा फिल्टर, डबीवर लिहिलेलं: एच-अल्फा, ७ नॅनोमीटर. विकणाऱ्यानं सांगितलेलं, "एच-अल्फाच आहे, सूर्याला चालतो." तो फिल्टर तेजोमेघांचे फोटो काढायचा. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला आणि तबकडीवरचे गडद तंतू बघायचे तर ६५६.२८ नॅनोमीटरभोवतीची, एक अँगस्ट्रॉमहूनही (नॅनोमीटरचा दहावा हिस्सा) अरुंद अशी प्रकाशाची पट्टी लागते, ०.७ किंवा त्याखाली. ७ नॅनोमीटर म्हणजे ७० अँगस्ट्रॉम, शंभर पट रुंद. त्यातून ज्वाला दिसायच्या नाहीतच, आणि तो सूर्याची उष्णता नि अवरक्त किरण अडवायला बनवलेलाच नसतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. भाजत असलं तरी माणूस खुशाल बघत राहतो.

पोराला हे पटेना. मग फिल्टर आणि आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढून फोकसवर जुनी लग्नपत्रिका धरली. त्याच्या दुर्बिणीची फोकल लांबी ४८० मिमी, म्हणजे सूर्याचं चित्र जेमतेम साडेचार मिमीचं. पांढऱ्या कागदानं थोडा दम धरला, पण काळ्या शाईतल्या 'चि. सौ. कां.'मधून लगेच धूर निघाला. पोरगं गप्प. फिल्टर डबीत गेला.

याचीच भावंडं म्हणजे २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणातले कागदी चष्मे आयपीसमागं धरणारे, आणि जुन्या दुर्बिणीसोबत आलेली 'सन' लिहिलेली काळी काच आयपीसला फिरवून बसवणारे. ती काच तापून तडकते, तीही डोळा लावलेला असताना. माझ्याकडं कुणी आणली तर मी परत देत नाही, हातोडीनं फोडतो. राग आला तर येऊ दे.

रस्ते दोन आहेत. एक, पुढं भिंगावर बसणारा इटॅलॉन (ती अरुंद पट्टी निवडणारा मुख्य फिल्टर) आणि मागं त्याचाच, बाकीचा प्रकाश अडवणारा ब्लॉकिंग फिल्टर. ही जोडी कधी फोडायची नाही. दुसरा, मागं आयपीसच्या जागी बसणारा, विजेवर तापणारा इटॅलॉन. हा वापरताना ८० मिमी आणि त्यावरच्या दुर्बिणीत डायगोनलच्या (प्रकाश आयपीसकडं वळवणारा आरसा) आधी यूव्ही-आयआर कट (अतिनील नि अवरक्त किरण अडवणारा) फिल्टर हवा, आणि १५० मिमीच्या वर गेलात तर भिंगाच्या पुढंच पूर्ण आकाराचा उष्णतारोधक फिल्टर. मी ६० मिमीलाही यूव्ही-आयआर कट लावतो. पैसे वाचवायचेत तर आयपीसवर वाचवा. नळीत मागच्या बाजूला जादा भिंगं असलेल्या पेट्झवाल दुर्बिणीला हा मागचा प्रकार लावू नका, ती भिंगं तापतात.

घाई

चिक्कोडीच्या एका सरांनी असाच तापणारा इटॅलॉन घेतला आणि दोन दिवसांत विकायला काढला. "भंगार आहे हो, काही दिसत नाही." जाऊन बघितलं. मोबाइलचा जुना चार्जर, वर लांबलचक एक्स्टेन्शन वायर. त्या यंत्राला ५ व्होल्टला दीड अँपिअर लागतं, जुना चार्जर अर्धा अँपिअरसुद्धा धड देत नव्हता. त्यात सर दर अर्ध्या मिनिटाला बटण फिरवायचे, रेडिओवर स्टेशन शोधावं तसं. इथं बटण तापमान बदलतं, तापमान बदललं की पट्टी सरकते, एका खटक्याला ०.१ अँगस्ट्रॉम. नवं तापमान स्थिरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. चांगली पॉवर बँक लावली, पिवळा दिवा हिरवा होईपर्यंत सरांना चहा करायला आत पाठवलं. परत आले तेव्हा कडेवर ज्वाला उभी होती. "अरे देवा," एवढंच म्हणाले.

अथणीपलीकडच्या जमखंडीत १८ ऑगस्ट १८६८ ला युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, अशाच ज्वालांचा वर्णपट बघायला तळ ठोकून होता. खग्रास ग्रहण, ऐन पावसाळा, ढगांच्या फटीतून मिळतील तेवढेच क्षण. आपल्याला गच्चीवर त्या रोज मिळतात, तरी लोकांना दहा मिनिटं धीर धरवत नाही!

माझी रीत अशी: दुर्बीण लावायच्या आधीच यंत्राला वीज द्यायची. मग स्टँड, मग फोकस, आणि बटणाला हात सगळ्यात शेवटी. पॉवर बँकच वापरायची, कारण करंट गेला की सगळं पहिल्यापासून.

बाकीच्या

फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण घाला, नाहीतर काढूनच टाका. सूर्य दुर्बिणीच्या सावलीवरून लावायचा.

त्या तापणाऱ्या यंत्रात ४.२ पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) आधीच असतो. वर आणखी बार्लो लावून "अंधुक दिसतंय" म्हणू नका. २५ किंवा ३२ मिमीचा आयपीस पुरे.

दुपारी बारा वाजता सिमेंटच्या गच्चीवर उभं राहून प्रतिमा उकळतेय म्हणून तक्रार करणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही. धुकं गेल्यावर, स्लॅब तापायच्या आत बघा. अंगणात हिरवळ असेल तर आणखी बरं.

कॅमेरा मोनो (कृष्णधवल) घ्या. रंगीत कॅमेऱ्यात चारातला एकच पिक्सेल लाल प्रकाश धरतो.

फिल्टर पुढं टेपनं चिकटवलेला असेल तर मी त्या दुर्बिणीला डोळा लावत नाही, पाहुण्यांच्या पोरांना तर जवळही येऊ देत नाही.

आणि खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या लोकांनो, जूनमध्ये हे सगळं खोक्यात टाकून विसरू नका. लहान सौरदुर्बिणींतला एक फिल्टर ओलीनं डागाळतो, काचेवर गंजासारखा थर येतो आणि चित्र मंद होत जातं. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि श्रावणात एकदा तरी पुड्या बदला. मी डब्यावर तारीख लिहून ठेवतो, आणि पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरतो. तवा मात्र वेगळा ठेवलाय, भाकरीचा नाही.