आंतरराष्ट्रीय स्नेहमेळावा ठरवताय? तारीख, ताट आणि झेंड्यांच्या या चुका टाळा

विद्यापीठाच्या कर्मचारी कल्याण समितीने आंतरराष्ट्रीय स्नेहमेळावा घ्यायचं ठरवलं की पहिली बैठक बॅनर, प्रमुख पाहुणे आणि नाचाची गाणी यांतच संपते. पुढे जे बिघडतं त्याचा या तिन्हींशी फारसा संबंध नसतो. घोटाळा तीन आठवडे आधी ठरलेल्या तारखेत आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये असतो. हॉलमध्ये तो फक्त उघडकीला येतो.

एकच कॅलेंडर पाहून तारीख धरणं

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये शनिवार मोकळा दिसला म्हणजे दिवस मोकळा असतो असं नाही. आधी आपल्याच माणसांचं पाहा. त्या दिवशी संकष्टी निघाली तर निम्मा कर्मचारीवर्ग चंद्रोदयापर्यंत जेवणार नाही, आणि चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री साडेआठ-नऊच्या पुढे असतो. आठ वाजता मांडलेलं जेवण मग कोण जेवणार? एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांचंही तेच. "पाहुण्यांचं पथ्य" असा शब्द समितीत फिरतो, पण पथ्यवाल्यांची सर्वांत मोठी संख्या घरच्याच मंडळींची असते.

मग पाहुण्यांकडे वळा. हिजरी वर्ष चांद्र असून त्यात अधिक महिना नसल्यामुळे रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो. 2026 चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि 2027 चा पहिल्या पंधरवड्यात. "गेल्या वर्षी मार्चमध्ये चाललं होतं" हा हिशोब इथे लागू पडत नाही. इथिओपियाचं नववर्ष, एन्कुतातश, 11 सप्टेंबरला येतं. ग्रेगोरियन लीप वर्षाच्या आदल्या वर्षी मात्र 12 सप्टेंबरला. नेपाळी नववर्ष बहुधा 14 एप्रिलला असतं, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी. त्या दिवशी शहरात मिरवणुका असतात, सुट्टी असते आणि हॉल, मंडप, साउंडवाले महिनाभर आधीच धरलेले असतात. नेपाळी सहकाऱ्यांसाठी त्याच आठवड्यातला दुसरा दिवस घ्या, ते समजून घेतात.

नाशिकला यात सिंहस्थाची भर आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, आणि अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट व 11 सप्टेंबर 2027 ला. त्र्यंबकेश्वरचं तिसरं स्नान 12 सप्टेंबरला. म्हणजे 2027 चं एन्कुतातश नेमकं त्र्यंबकच्या स्नानाच्या दिवशी पडतं. त्या आठवड्यात त्र्यंबक रस्त्यावर गाडी काढण्याचा विचार नको. कार्यक्रम परिसरातच आणि दुपारी घ्या, किंवा सरळ पंधरा दिवस पुढे ढकला.

फॉर्ममध्ये "आडनाव" सक्तीचं ठेवणं

इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं. त्यामुळे दुसऱ्या शब्दाला "मिस्टर" जोडून हाक मारली की तुम्ही त्यांच्या वडिलांना बोलावता. इंडोनेशियात अनेकांचं नाव एकाच शब्दाचं असतं. आडनावाची चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकला नाही की माणूस तिथे टिंब टाकतो किंवा तेच नाव दोनदा लिहितो, आणि ते तसंच प्रमाणपत्रावर छापून येतं. उपाय सोपा आहे. "पूर्ण नाव" ही एक चौकट आणि "कसं संबोधावं" ही दुसरी. बिल्ल्यावर नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, अक्षरं निदान दोन सेंटिमीटर उंच. बिल्ल्यावर पद लिहू नका. पद दिसलं की कुलसचिवांच्या टेबलाजवळ लिपिक बसत नाहीत.

फॉर्ममध्ये खाण्याचा प्रश्न "शाकाहारी की मांसाहारी?" एवढाच असेल तर तो न विचारल्यासारखाच आहे. असे पर्याय द्या: मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप नाही, कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत, फक्त हलाल, शेंगदाण्याची ॲलर्जी, त्या दिवशी उपवास. फोटो समाजमाध्यमांवर टाकला तर चालेल का, हेही इथेच विचारा. काहींच्या घरच्यांना मायदेशी त्याचा त्रास होऊ शकतो, आणि फोटो काढून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

ताट

सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

शेंगदाणा हा आपल्याकडे मसाल्यासारखा वापरला जातो. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या भरीत कूट, चटणी तर त्याचीच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला "यात शेंगदाणे नाहीत" असं सांगणारा आचारी बहुधा अख्खे दाणे नाहीत असं म्हणत असतो. विचारताना "कूट किंवा शेंगदाणा तेल आहे का?" असंच विचारा. फराळी पदार्थांच्या टेबलावर तर हा धोका सर्वांत मोठा, कारण पाहुण्याला साबुदाणा सुरक्षित वाटतो.

इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातल्या बहुतेक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध, तूप काहीच खात नाहीत. शुक्रवारच्या मेळाव्यात त्यांना "व्हेज आहे ना" म्हणून पनीर वाढणं म्हणजे उपवासाच्या माणसाला पोहे देणं. तेलातली मटकीची उसळ, वरण (तुपाच्या फोडणीशिवाय), भाकरी, बटाट्याची सुकी भाजी यांत त्यांचं छान भागतं.

हलाल म्हणजे नुसतं "डुकराचं नाही" असं नव्हे. चिकन कुठल्या दुकानातून येतं हे केटररकडून आधीच लिहून घ्या आणि डाव वेगळा ठेवा. एकाच डावाने आधी हलाल नसलेलं मटण आणि मग डाळ वाढली की शाकाहारी आणि हलालवाले असे दोघेही उठतात. जेलीच्या मिठायांत जिलेटिन असतं आणि ते बहुधा प्राण्यांपासून काढलेलं असतं, हे समितीत कुणाच्या गावीही नसतं.

मिसळ ठेवणार असाल (आणि नाशिकमध्ये ठेवली नाही तर लोक विचारतीलच) तर "कमी तिखट" असं सांगून भागत नाही. आचारी पाणी वाढवतो, मसाला तेवढाच राहतो. मटकीची उसळ साधी शिजवा आणि तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवा. ज्याला हवी तो घालून घेईल. 60 माणसांना कोरडी मटकी 3 किलो पुरते; मोड आल्यावर ती दुपटीच्या वर भरते. पाव 150, फरसाण दीड-दोन किलो. बाजूला दही, पण त्यावर "दूध आहे" ही चिठ्ठी हवीच.

प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर नावाच्या आधी घटक. "डोरो वाट" वाचून कुणाला काही कळत नाही. "कोंबडी, अंडं, कांदा, तिखट" हे कळतं.

आता घरून डबे आणायची पद्धत. यात नेहमी एकच गोष्ट घडते: प्रत्येक कुटुंब सगळ्यांना पुरेल एवढं आणतं आणि निम्मं परत जातं किंवा फेकलं जातं. हिशोब मांडून पाहा. एक माणूस सगळं मिळून साधारण अर्धा किलो खातो. 60 माणसं म्हणजे 30 किलो. 20 कुटुंबं असतील तर प्रत्येकी दीड किलो पुरे. फॉर्ममध्ये "दीड किलो, जास्त नको" असं स्पष्ट लिहा, नाहीतर आईआजी ऐकत नाहीत.

ते गरम करायचं कसं? विभागातला एकुलता एक मायक्रोवेव्ह 20 पदार्थांना पुरत नाही. दीड किलोच्या डब्याला आठेक मिनिटं धरली तरी 160 मिनिटं होतात. मग कुणीतरी तीन इंडक्शन शेगड्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावतं आणि मंचावर कुणी बोलत असताना हॉल अंधारात जातो. 2000 वॅटची एक शेगडी जवळजवळ 9 अँपिअर ओढते आणि साधा 16 अँपिअरचा पॉइंट एकच शेगडी निवांत पेलतो. साउंडची लाइन त्या फेजवर ठेवूच नका. खरं तर मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी आणि त्यात डबे ही जुनी रीत इथे सगळ्यांत बरी. दुपारी शिजवलेलं अन्न संध्याकाळपर्यंत खोलीच्या तापमानाला ठेवू नका. दोन तासांच्या आत ते एकतर 60 अंशांच्या वर गरम हवं किंवा फ्रिजमध्ये. भात आणि दुधाचे पदार्थ यात आधी दगा देतात.

इफ्तार आठ वाजता

रोजा सूर्यास्ताला सुटतो, पाहुण्यांचं भाषण संपल्यावर नाही. मुंबईचं वेळापत्रक नाशिकला लावू नका. फेब्रुवारीत इथला सूर्यास्त मुंबईपेक्षा तीन-चार मिनिटं आधी होतो. स्थानिक मशिदीचं वेळापत्रक घ्या. सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी माईक बंद, प्रत्येकापुढे पाणी आणि तीन खजूर (60 माणसांना सुमारे 2 किलो). त्यानंतर नमाजाला पंधरा मिनिटं, मग जेवण. नमाजासाठी स्वच्छ खोली, हातपाय धुवायला पाणी, आणि दिशा: नाशिकहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. बूट काढायची जागा खोलीबाहेर.

कॉफीचा समारंभ मंचावर

इथिओपियन कॉफीचा समारंभ कार्यक्रमात "पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक" म्हणून टाकणं ही चूक फार होते. हिरव्या बिया तव्यावर भाजायच्या, कुटायच्या, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायच्या, आणि मग तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. तास सहज जातो. जेबेनातून एका वेळी सात-आठ छोटे कप निघतात, त्यामुळे 60 जणांना रांग लावून कॉफी देता येत नाही. भाजताना धूर होतो आणि सोबत उदही लावतात, म्हणून बंद हॉलमध्ये आगीचा भोंगा वाजू शकतो. व्हरांड्यात सतरंजी टाका, आठ-आठ जणांचे गट बसवा, जवळ लाह्या ठेवा. या तासाभरात होणारी ओळख मंचावरच्या चार नाचांतून होत नाही.

झेंडे, नकाशे, रांगोळी

राष्ट्रध्वज इतर देशांच्या झेंड्यांबरोबर रांगेत लावताना, रांगेच्या मध्यभागी उभं राहून प्रेक्षकांकडे तोंड केलं तर तिरंगा तुमच्या उजव्या हाताला टोकाशी हवा, म्हणजे प्रेक्षकांना तो सर्वांत डावीकडे दिसतो. बाकीचे झेंडे देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने. सगळ्यांचा आकार साधारण सारखा.

छापखान्यातून येणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. नेपाळचा झेंडा चौकोनी नसतो, पण बॅनरवाला तो चौकोनात ताणतो. इंडोनेशियाचा लाल वर, पांढरा खाली. उलटा लागला की तो पोलंडचा होतो. अफगाणिस्तानचा झेंडा लावण्याआधी त्या सहकाऱ्यांना विचारा, कारण 2021 नंतर कुठला लावायचा हा त्यांच्यासाठी साधा प्रश्न राहिलेला नाही. आणि झेंड्यांची रांगोळी काढू नका. हौस चांगली आहे, पण रांगोळी जमिनीवर असते आणि तासाभरात ती पायाखाली येते. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर तर कलमा (इस्लामच्या श्रद्धेचं वचन) लिहिलेला आहे. फुगे आणि पेपर नॅपकिनवरही झेंडे नकोत.

जगाचा नकाशा इंटरनेटवरून उचलला तर भारताची सीमा बहुधा चुकीची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा वापरा.

मंच

इंग्रजीतून चालवलं तर शिपाई, माळी, वाहनचालक मागच्या रांगेत गप्प बसतात. मराठीतून चालवलं तर पाहुणे. प्रत्येक वाक्याचं भाषांतर केलं तर वेळ दुप्पट होतो. दोन निवेदक घ्या, एकाने एक कार्यक्रम मराठीत मांडायचा आणि दुसऱ्याने पुढचा इंग्रजीत किंवा हिंदीत; छापील पत्रिका मात्र दोन्ही भाषांत. एका सादरीकरणाला चार मिनिटं. "तुमच्या देशाचा नाच करा" असं कुणालाही सांगू नका. परदेशातून आलेला बायोकेमिस्ट्रीचा प्राध्यापक नाचतोच असं नाही. दीपप्रज्वलन, टिळा, औक्षण यांसाठी आधी खाजगीत विचारा. नको म्हणणाऱ्याला मंचावर नाही म्हणावं लागू नये.

गाणी पेनड्राइव्हवर आणा. परिसरातल्या वाय-फायवर भरवसा नको. अम्हारिक, अरबी किंवा जुन्या मराठी फॉन्टमधल्या स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर चौकटी-चौकटी दिसतात, म्हणून पीडीएफ करून घ्या. माईक शिट्टी मारत असेल तर आवाज कमी करण्याआधी पाहा: माईक स्पीकरच्या पुढे गेलेला असतो. उघड्यावर लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ला तो बंद. ओटीटीवरचा चित्रपट वैयक्तिक वर्गणीवर हॉलमध्ये दाखवू नका; ती वर्गणी घरातल्या वापरासाठी असते.

मुक्कामी सहल

त्र्यंबक किंवा इगतपुरीला मुक्काम ठरवलात तर परदेशी सहकाऱ्यांना मूळ पासपोर्ट आणि व्हिसा सोबत ठेवायला सांगा. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांच्या आत सी-फॉर्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी फॉर्मवर ऑनलाइन भरणं यजमान रिसॉर्टवर बंधनकारक आहे. छोट्या होमस्टेवाल्यांना हे माहीत नसतं आणि रात्री नऊला दारात "नाही जमणार" ऐकावं लागतं. बुकिंगच्या वेळीच "सी-फॉर्म भरता का?" असं विचारा. द्राक्षबागेत किंवा वायनरीत जाणार असाल तर टेस्टिंग हा एकमेव कार्यक्रम ठेवू नका, न पिणारे निम्म्याहून जास्त असतात. महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 आहे, तेव्हा मुलांसाठीही वेगळं काही हवं. देवळालीच्या लष्करी भागात ड्रोन काढू नका.

परतीची वाट

नाशिकचं मुक्त विद्यापीठ गोवर्धनला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला. बाकीचेही परिसर बहुधा गावाबाहेर. शेवटच्या सिटीलिंक बसची वेळ पाहून जेवणाची वेळ ठरवा, उलट नको. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर जेवण ठेवलं तर रात्री पारा 10-12 अंशांवर येतो. मुलं आणि म्हातारी माणसं आठलाच उठतात. फाटकावरच्या रखवालदाराला पाहुण्यांची यादी आणि त्याचं जेवण दोन्ही साडेसहाच्या आत पोचवा.