आयात केलेल्या पेल एलची चव कशी घ्यावी

पुण्यातल्या दुकानात मिळणारी आयात पेल एल, म्हणजे फिकट सोनेरी ते तांबूस रंगाची, हॉप्सचा गंध असलेली बिअर, लांबचा प्रवास करून आलेली असते, त्यामुळे तिची चव घेण्याचे काम बाटली उघडण्याआधी, तारीख वाचण्यापासूनच सुरू करावे. या बिअरचा सारा डौल हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांच्या, सुगंधावर उभा असतो आणि तो सुगंध महिन्यागणिक उडत जातो. मुरवत ठेवण्याची ही चीज नव्हे. कोथिंबिरीच्या जुडीसारखी ती ताजी असतानाच घ्यावी आणि ताजी असतानाच संपवावी.

तारीख वाचताना थोडी सावधगिरी हवी. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे तिकडच्या बाटलीवरील 03/11 म्हणजे 3 नोव्हेंबर नसून 11 मार्च असतो. काही उत्पादक बिअर भरल्याची तारीख छापतात, तर काही ती कधीपर्यंत प्यावी हे सांगतात; आयातदाराने किमतीसह चिकटवलेले लेबल या दोहोंपेक्षा वेगळे असते आणि कधी कधी नेमके मूळ तारखेवरच बसलेले असते. कॅन असेल तर तो उलटा करून बूड पाहावे. भरल्यापासून तीन-चार महिन्यांच्या आतली बिअर मिळाली तर उत्तम. सहा महिने उलटून गेले असतील, तर सवलतीची पाटी कितीही मोठी असली तरी माझ्या मते ती बाटली फळीवरच राहू द्यावी.

वयाइतकाच उष्णतेचाही प्रश्न आहे. न्हावाशेव्याला उतरलेला कंटेनर, त्यानंतरचे गोदाम आणि एप्रिल-मे महिन्यांतले पुण्याचे ऊन यांतून गेलेली बिअर कागदोपत्री ताजी असूनही चवीला म्हातारी झालेली असू शकते. म्हणून फ्रीजमध्ये माल ठेवणारे दुकान निवडावे आणि दर्शनी काचेत दिव्याखाली मांडलेली बाटली टाळावी. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की त्यांतून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र दर्प येतो. तपकिरी काच बराचसा घातक प्रकाश अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅनला ही भीती नसते.

पहिल्या बैठकीसाठी, मिळाल्यास, सिएरा नेवाडा पेल एल घ्यावी. कॅलिफोर्नियातील चिको गावी 1980 पासून तयार होणाऱ्या या बिअरने कॅस्केड या हॉप्सची ओळख जगभर पोहोचवली, आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण 5.6 टक्के असते. तिच्याशेजारी एखादी इंग्लिश पेल एल ठेवली तर फरक चटकन कळतो, कारण इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या जिप्समयुक्त पाण्यावर वाढलेल्या त्या परंपरेत माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, बिस्किटासारखा खमंगपणा आणि मातकट, चहाच्या पत्तीच्या अंगाने जाणारे हॉप्स अधिक जाणवतात. (हिचाच एक प्रकार असलेली इंडिया पेल एल खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली गेली, ही आवडती दंतकथा बाजूला ठेवलेली बरी, पेल एल इंग्लंडात आधीपासूनच होती, केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईला येणाऱ्या जहाजांतून ती इकडे आली एवढेच.) ताजेपणा म्हणजे काय, हे नाकाला ठाऊक नसेल तर आधी स्थानिक मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या छोट्या ठिकाणी, जावे, पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीने 2009 मध्ये सुरुवात केल्यापासून अशा जागांची वानवा राहिलेली नाही. तिथल्या टाकीतून थेट आलेली पेल एल हीच मोजपट्टी धरावी.

बिअर 7 ते 10 अंशांवर प्यावी. घरचा फ्रीज साधारण 4 अंशांवर चालतो, म्हणून बाटली आधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावी; मे महिन्यात पाचच मिनिटे पुरतात. बर्फात गोठवलेला ग्लास वापरू नये, कारण जीभ बधिर झाली की कडवटपणाखेरीज काहीच उरत नाही. ग्लासमध्ये भांड्यांच्या साबणाचा अंशही राहता कामा नये. ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो नीट धुतलेला नाही असे समजावे. ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करावी, शेवटी सरळ करून दोन बोटे फेस आणावा. तळाशी यीस्टचा गाळ असेल तर शेवटचा घोटभर बाटलीतच ठेवावा.

फेस बसण्याआधी वास घ्यावा, तोही लहान लहान हुंगण्यांनी. अमेरिकी हॉप्समध्ये पपनसाची साल, संत्रे आणि चिडाच्या (पाइनच्या) झाडाची राळ सापडते, सिट्रासारख्या वाणात आंबा आणि लिची. हे वास ओळखण्याचा सराव मंडईत फुकट होतो: पपनसाच्या सालीवर नख ओढावे, ते बोट नाकाशी न्यावे आणि संध्याकाळी ग्लासात तेच शोधावे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी आहे, लोण्याचा आला तर किण्वनात किंवा नळांच्या स्वच्छतेत काही चुकले असण्याची शक्यता आहे.

मग एक मोठा घोट तोंडभर फिरवून गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. निम्मी चव तेव्हाच कळते. कडूपणा किती आहे यापेक्षा तो कसा ओसरतो, याकडे लक्ष द्यावे. चांगल्या पेल एलमध्ये तो माल्टच्या गोडीला धरून येतो आणि स्वच्छ निघून जातो. जिभेच्या मागे खरखरीत रेंगाळणारा कडूपणा आणि जोडीला विरलेला सुगंध, ही जुन्या बाटलीची खूण आहे.

एका बैठकीत तीन-चार बिअर, प्रत्येकी शंभर मिलिलिटरच्या आसपास, पुरेशा होतात. सौम्य आधी आणि कडू नंतर असा क्रम ठेवावा, मद्यपानाचा परवाना जवळ असावा आणि परतण्यासाठी गाडी चालवू नये. मधे मधे पाणी आणि साधा पाव घ्यावा. खाण्याला बाकरवडी चांगली जमते, कारण तिच्यातली गोडी हॉप्सच्या कडूपणाला सांभाळून घेते. झणझणीत मिसळीने मात्र तिखट आणि कडू दोन्ही भडकतात, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी सकाळी खावी.